एकांडा शिलेदार मंचावर उभा करताना: पोट, बाणा आणि तलवार

भटका तलवारबाज हे पात्र नव्या लेखकाला फार लवकर भुरळ घालतं. एकटा माणूस, कमरेला तलवार, कुणापुढे वाकत नाही, दिलेला शब्द मोडत नाही. कागदावर तो दोन ओळींत तयार होतो आणि तालमीत आठवड्याभरात ढेपाळतो, कारण हा माणूस सकाळी उठून नेमकं काय करतो हेच नटाला सांगता येत नाही. मग त्याची कसर मोठा आवाज, मिशीवरचा हात आणि लांबलचक भाषणं यांनी भरून काढली जाते.

सातारा-सांगली भागातले नवे एकांकिकाकार, दिग्दर्शक आणि ही भूमिका पहिल्यांदाच करणारे नट यांच्यासाठी हा लेख आहे. पायऱ्यांचा क्रम पाळा. बहुतेक संघ तलवारीपासून सुरुवात करतात. इथे तलवार पाचव्या पायरीवर आहे आणि ती तिथेच हवी. वेळेचा अंदाज म्हणाल तर ५ नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाला प्रयोग लावायचा असेल, तर गणपती उठले की तालीम सुरू झाली पाहिजे आणि संहिता त्याआधी पक्की हवी. लढतीचा प्रवेश असलेली एकांकिका महिन्याभरात बसत नाही.

पहिली पायरी: काळ, गाव आणि महिना ठरवा

मराठी फौजेत घोडेस्वार दोन तऱ्हेचे असत. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. त्यातही पाठीशी जमाव नसलेला, एकट्याच्या बळावर चाकरी धरणारा तो एकांडा. तुमचं पात्र हेच आहे. त्यासाठी जपानी रोनिनची नक्कल करण्याची गरज नाही. रोनिन म्हणजे धनी गमावलेला सामुराई. धनी नसणं हीच त्याची जखम. शिलेदाराचं तसं नाही. आज एका सरदाराकडे, पुढच्या हंगामात दुसऱ्याकडे, हे त्याच्या धंद्यात बसतं. त्याला जखम असलीच तर ती गावाकडे असते: वतनाचा तंटा, भाऊबंदकी, फौजांच्या येण्या-जाण्यात जळालेली वस्ती, सावकाराकडे अडकलेली जमीन. म्हणून त्याचं गाव आधी ठरवा. ज्याला गाव नाही असा मराठा शिलेदार प्रेक्षकाला पटत नाही.

काळ म्हणून १६८९ ते १७०७ ही वर्षं सगळ्यात सोयीची. संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज जिंजीला गेले, औरंगजेब याच मुलखात ठाण मांडून बसला आणि सरदार आपापल्या जमावानिशी लढू लागले. एकट्या तलवारीला या काळात मागणी होती आणि कुणावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न रोजचा होता. साताऱ्याच्या किल्ल्याला डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० असा वेढा पडला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो नेटानं लढवला. एप्रिलमध्ये मोगलांनी सुरुंग उडवले, तेव्हा कोसळलेल्या दगडमातीखाली त्यांचीच माणसं मोठ्या संख्येनं गाडली गेली. पुढे किल्ला हातचा गेला आणि त्याचं नाव आजमतारा झालं. वेढ्याच्या या चार-पाच महिन्यांत किल्ल्याच्या आसपासच्या गावांत काय चाललं असेल, एवढ्या एका प्रश्नावर तीन एकांकिका निघतील.

गाव निवडताना पाण्याचा विचार करा. खटाव, माण, जत इथला माणूस पाण्याला मोल देऊन वाढलेला. वाई, कराड, मिरज इथला नदीकाठचा. दोघं घोडा आडावर नेतात तेव्हा दोघांची घाई वेगळी असते.

आणि महिना लिहून ठेवा. पावसाळ्यात फौज छावणीला येई, दसरा झाला की बाहेर पडे. श्रावणात रस्त्यावर दिसणारा शिलेदार म्हणजे ज्याला परतायला घर उरलेलं नाही. हे एकही वाक्य न बोलता पोहोचतं, फक्त नेपथ्यात ओल आणि त्याच्या खांद्यावर घोंगडी हवी.

दुसरी पायरी: पोटाचा हिशोब मांडा

ही पायरी सगळे गाळतात, आणि इथेच पात्र कच्चं राहतं. बाणा पैशाच्या हिशोबात दिसतो. ज्याच्या खर्चाची लेखकाला कल्पना नाही, त्याच्या त्यागाला वजन येत नाही.

आधी घोडा. भीमथडीचं आटोपशीर, काटक तट्टू धरा. राबत्या घोड्याला दिवसाला दोन ते तीन किलो हरभऱ्याची चंदी, सहा ते आठ किलो वाळलं गवत किंवा कडबा आणि पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात पाणी आणखी. ओझ्यासह रोजची मजल तीस ते चाळीस किलोमीटर. सातारा ते कराड पन्नासेक, तिथून मिरज पंचाहत्तर-ऐंशी. म्हणजे साताऱ्याहून निघालेला माणूस घोडा न मारता चौथ्या दिवशी मिरजेत पोहोचतो. संहितेत तो रात्रीतून पोहोचत असेल, तर घोडा बदलल्याचा किंवा घोडा मेल्याचा उल्लेख हवा. सहा आठवड्यांच्या आसपास नाल बदलावे लागतात, खडकाळ वाटेवर त्याआधीही. कृष्णाजी अनंत सभासदानं लिहिलेल्या शिवाजी महाराजांच्या बखरीप्रमाणे पागेत पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि पखालीनं पाणी आणणारा एक पखालजी नेमलेला असे. एकांड्याला यातलं कुणी नाही. पाणी तोच शेंदतो, आणि निघालेला नाल कमरेला बांधून गावचा लोहार शोधत पायी चालतो.

आता एका पानावर चार गोष्टी लिहा: प्रवेश सुरू होताना त्याच्याकडे किती नाणी आहेत, चंदी किती दिवस पुरेल, कुणाचं देणं आहे, कुणाकडून येणं आहे. हे पान नटाला द्या. प्रेक्षकाला यातलं निम्मंही कळणार नाही, पण पैसे मोजताना नटाचा हात आपोआप सावकाश चालेल.

मंचावर घोडा आणता येत नाही आणि टापांचा आवाज लावून काम भागत नाही. खोगीर, लगाम आणि तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी, या तीन वस्तू पुरतात. तोबऱ्यात खरा हरभरा भरा. बाहेर जाताना तो भरलेला आणि परत येताना रिकामा, एवढ्यानं विंगेत घोडा बांधलेला आहे हे पटतं. तोबऱ्यातला मूठभर हरभरा शिलेदार स्वतः खाताना दाखवलात, तर त्याच्या परिस्थितीवर वेगळा संवाद लिहावा लागणार नाही.

तिसरी पायरी: बाणा तीन नियमांत लिहा

"तो स्वाभिमानी आहे, सच्चा आहे, तत्त्वनिष्ठ आहे" अशी वर्णनं खोडून टाका. नटाला विशेषण करता येत नाही, कृती करता येते. म्हणून प्रत्येक नियम "हे करणार नाही" या स्वरूपात लिहा आणि तीनवर थांबा. चौथा आला की प्रेक्षक विसरतो आणि लेखकही.

कामाला येणारा एक संच:

पहिला, ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर हत्यार उचलणार नाही.

दुसरा, शरण आलेल्याला मारणार नाही.

तिसरा, रयतेच्या घरातलं काही मोल दिल्याशिवाय घेणार नाही.

हे नियम हवेतले नाहीत. शिवाजी महाराजांच्या फौजेबद्दल सभासद सांगतो की मोहिमेत बायका-पोरं धरू नयेत, गाय धरू नये, बैल ओझ्यापुरता धरावा, लष्करात बटकी-कलावंतिणी नेऊ नयेत. मोडणाऱ्याला कठोर शिक्षा. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांनी १६७०च्या दशकात पाठवलेलं पत्र तर प्रत्येक नटानं वाचावं. दाणा, वैरण, लाकूड काय हवं ते बाजारातून विकत आणा, रयतेला उपद्रव देऊ नका, अशी ताकीद त्यात आहे. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जातं. हा बारकावा तुमच्या पात्राला द्या. परक्याच्या गोठ्यात झोपण्याआधी तो दिवा विझवतो, वात दोन बोटांत चिमटून पुन्हा पाहतो. शिस्त अंगात भिनलेला माणूस असाच दिसतो.

नियम कसा दिला-घेतला जाई, तेही नेमकं ठेवा. वचन म्हणजे हातावर हात देऊन दिलेली भाक. जबर शपथ म्हणजे बेलभंडारा उचलणं. बेल आणि भंडारा खंडोबाचा, आणि आपल्या भागात पालीचा खंडोबा आहेच, तेव्हा कऱ्हाडकडच्या शिलेदाराच्या तोंडी पालीची आण शोभते. जोखमीचं काम अंगावर घेणं म्हणजे विडा उचलणं. या तिन्ही गोष्टी एकाच एकांकिकेत कोंबू नका. बेलभंडारा एकदाच, जिथे परतीचा रस्ता बंद होतो तिथे.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: नियम एकमेकांवर आदळवा. चांगला नियम आणि वाईट मोह यांच्या झगड्यात नायक काय करणार हे प्रेक्षकाला आधीच माहीत असतं. दोन चांगले नियम समोरासमोर आले की माहीत नसतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. सरनोबत, म्हणजे फौजेचे प्रमुख, प्रतापराव गुजर मूळचे खटावातल्या भोसऱ्याचे. एप्रिल १६७३ मध्ये त्यांनी विजापूरच्या बहलोलखानाला उमराणीजवळ, म्हणजे आजच्या जत तालुक्यात, कोंडलं. पाणी तोडलं. उन्हाळ्याचे दिवस, फौज तहानेनं हैराण. खानानं गयावया केली आणि प्रतापरावांनी त्याला जाऊ दिलं. महाराजांना हे रुचलं नाही. सलूख (तह) कशासाठी केला, असा जाब त्यांनी विचारला. खान उलटून पुन्हा आला, तेव्हा त्याला मारल्याशिवाय तोंड दाखवू नका, असा निरोप गेला. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले. स्वतःसह सात जण, असं परंपरा सांगते.

लेखक म्हणून या घटनेकडे बघा. शरणागताला अभय हा एक नियम. धन्याचा हुकूम हा दुसरा. उमराणीला पहिला पाळला आणि त्यातून दुसरा मोडला. नेसरीला दुसरा पाळायला गेले, तर सरनोबतानं फौज सोडून पुढे जायचं नसतं हा तिसराच नियम मोडला. चुकलं कोण, हे ठामपणे सांगता येत नाही, म्हणून ही गोष्ट साडेतीनशे वर्षं जिवंत आहे. तुमच्या एकांकिकेत असा एक पेच हवा. नेसरीच पुन्हा लिहायची गरज नाही. आकार लहान चालेल; सात स्वारांऐवजी एक भाकरी चालेल.

आणखी एक गोष्ट, आणि ती नव्या लेखकांना जड जाते. बाण्याचा एखादा भाग आजच्या प्रेक्षकाला खटकला पाहिजे. सतराव्या शतकातला माणूस सगळ्याच बाबतींत आजच्यासारखा विचार करत असेल, तर तो नुसता वेष घातलेला आपला शेजारी ठरतो. १६९७ मध्ये संताजी घोरपड्यांना शंभू महादेवाच्या डोंगररांगेत गाठून मारणारा म्हसवडचा नागोजी माने मेहुण्याचा सूड घेत होता. संताजी शिस्तीला अतिशय कडक; त्यांनी दिलेल्या शिक्षेत तो मेहुणा मेला होता. दोघंही आपापल्या नियमाला धरून होते आणि त्यात स्वराज्यानं आपला सर्वांत धडाडीचा सेनापती गमावला. सुडाचा हा नियम तुमच्या शिलेदाराच्या अंगात असू द्या. प्रेक्षकाला तो आवडणार नाही, चालेल.

चौथी पायरी: स्वभाव सवयींतून दाखवा

इथे फार लांबण नको. चार-पाच सवयी निवडा आणि त्या प्रत्येक प्रवेशात सारख्या ठेवा.

परक्या घरात शिरताना तलवार कमरेची काढून दाराशी ठेवतो की जवळ ठेवतो? दाराशी ठेवत असेल, तर तो या घरावर विश्वास टाकतो आहे. ज्या प्रवेशात तो ती काढत नाही, तिथे प्रेक्षक सावध होतो. जेवायला बसताना दार डोळ्यांसमोर असतं. उजवा हात भाकरीत असताना डावा रिकामा असतो. ताट पुसून खातो, पण दुसऱ्यांदा मागत नाही. झोपण्याआधी घोड्याला खरारा करतो, मग स्वतःकडे बघतो. ओरडत नाही, कठोर माणसाला ओरडावं लागत नाही. लहान मुलाशी बोलताना उकिडवा बसतो की उभ्यानं बोलतो, हेही ठरवा.

हट्टीपणाची बाजू झाकू नका. नियमाला चिकटलेला माणूस जवळच्यांना फार त्रास देतो. त्याच्या बायकोचं, आईचं, भावाचं म्हणणं एका प्रवेशात पूर्ण ऐकू आलं पाहिजे, आणि ते बरोबर असलं पाहिजे. "तुझ्या शबुदापायी पोरं उपाशी निजली" या वाक्याला त्याच्याकडे उत्तर नसावं.

पाचवी पायरी: तलवार निवडा आणि बनवून घ्या

आधी खरं हत्यार नीट बघा. साताऱ्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा आणि पात्यापेक्षा मुठीकडे लक्ष द्या. मूठ आश्चर्य वाटावं इतकी आखूड असते. पकडीचा भाग आठ-नऊ सेंटिमीटर, वर गोल चकती. त्या चकतीमुळे मनगट फार वाकत नाही. म्हणून वार कोपरातून आणि खांद्यातून येतो, आणि पातं अंगावर आपटून थांबत नाही, ते ओढत नेतात. ऑलिंपिकमधल्या तलवारबाजीसारखा हात लांब करून टोक खुपसणारा शिलेदार पहिल्याच वाराला खोटा पडतो.

प्रकार तीन लक्षात ठेवा. वाकडी तलवार: पातं पाऊण मीटरच्या आसपास, वजन किलोभर. धोप: सरळ, लांब, घोड्यावरून वार करायला सोयीची. फिरंग: युरोपातून आलेलं सरळ पातं, त्याला इथली मूठ. एकांड्याला कोणतीही चालेल, पण कारण हवं. फिरंग महाग, ती त्याच्याकडे कशी आली याची गोष्ट लागते. दांडपट्टा टाळा. तो दिसायला देखणा, पण कोपरापर्यंत हात त्यात अडकतो, मंचाची रुंदी पुरत नाही, आणि शिकायला वर्षं जातात.

मंचासाठी पातं ॲल्युमिनियमचं करून घ्या: सहा मिलिमीटर जाड, तीन सेंटिमीटर रुंद, पंचाहत्तर सेंटिमीटर लांब पट्टी. मुठीसह वजन सहाशे ते सातशे ग्रॅम भरतं. कोणताही फॅब्रिकेशनवाला हे करून देईल, पण तीन गोष्टी स्वतः उभं राहून करून घ्या. दोन्ही कडा पूर्ण गोल घासलेल्या हव्यात. टोक रुपयाच्या नाण्याएवढं गोल हवं. आणि पात्याची शेपटी मुठीच्या आत शेवटपर्यंत जाऊन दोन रिव्हेटनी पक्की हवी. नुसती वेल्डिंगवर टिकवलेली मूठ दहाव्या तालमीत ढिली होते आणि पातं प्रेक्षकांत जाऊ शकतं. म्यान लाकडाचं, वर कातडं किंवा मांजरपाट चिकटवा. ते एक-दोन मिलिमीटर सैल ठेवा. घट्ट म्यानात तलवार नेमकी नाट्यमय क्षणी अडकते. तोंडाशी आणि टोकाशी पितळी पत्रा लावा, टोकाची ती तहनाळ. तलवार पाठीवर बांधू नका. ती कमरेला, डाव्या अंगाला.

धार असलेली खरी तलवार तालमीला आणायचीच नाही, घरात पूर्वापार असली तरी. एक तर माणूस कापला जातो. दुसरं म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९ आहे. रस्त्यात अडवलं तर "नाटकाची आहे" एवढं सांगून भागत नाही. बोथट नकली तलवारही नेताना बंद पिशवीत न्या आणि संस्थेचं पत्र सोबत ठेवा.

सहावी पायरी: लढत बसवा

लढत छोटी ठेवा. आठ ते बारा वार, तीस ते चाळीस सेकंद. त्यापुढे प्रेक्षक गोष्ट विसरून नटांची काळजी करू लागतो.

पहिले दोन आठवडे हातात वेताची काठी. फरी-गदगा, म्हणजे ढाल आणि काठीचा मर्दानी खेळ, शिकवणारा जवळचा आखाडा गाठता आला, तर पवित्रा आणि पायांची चाल तिथेच शिका. हे पुस्तकातून येत नाही. वजन दोन्ही पायांवर, गुडघे मऊ, टाच जमिनीला चिकटलेली नाही.

प्रत्येक वाराचे तीन भाग करा. हल्ला करणारा हात मागे घेतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघतो. समोरचा बचावाच्या जागी येतो, तोच होकार. मग वार. होकार आला नाही तर वार होणार नाही, प्रयोग थांबला तरी चालेल. पातं अंगापासून वीतभर लांबच थांबलं पाहिजे. तोंडावर आणि गळ्यावर वार लिहायचाच नाही. डोक्यावरचा वार हवा असेल तर तो समोरच्याच्या खांद्याबाहेरच्या हवेत मारायचा आणि बघणाऱ्याच्या कोनावर भिस्त ठेवायची.

वेग असा वाढवा: पहिला आठवडा पाव वेग, मोठ्यानं आकडे म्हणत. मग निम्मा. प्रयोगातही पाऊण वेगापुढे जायचं नाही. नट घाईला येतात ते टाळ्यांच्या अंदाजानं, आणि बोटं तिथेच फुटतात. प्रयोगाच्या दिवशी पडदा उघडण्याआधी अर्धा तास पूर्ण लढत दोनदा: एकदा पाव वेगानं, एकदा प्रयोगाच्या वेगानं, त्याच मंचावर, त्याच चपलांत. ॲल्युमिनियमला प्रत्येक तालमीत खाचा पडतात आणि खाचेची कड ब्लेडसारखी लागते. रोज तालीम संपली की बारीक कानस फिरवायची. हे काम एका माणसाला नेमून द्या.

आणि लढतीतही बाणा दिसू द्या. समोरच्याची तलवार पडते. आपला शिलेदार थांबतो, एक पाऊल मागे येतो. तिथे दोन सेकंदांचा पूर्ण विराम ठेवा. तो विराम बारा वारांपेक्षा मोठा आहे.

सातवी पायरी: बोली

"आम्ही प्राण देऊ पण वचन मोडणार नाही" या थाटाची वाक्यं काढून टाका. सातारा-सांगलीचा कुणबी-शिलेदार पाटलाला "जी" म्हणेल, म्हातारीला "म्हातारे" किंवा "आये", बरोबरीच्याला "गड्या". बोलणं तुटक. संहितेतला त्याचा सगळ्यात मोठा संवाद तीन वाक्यांचा ठेवा. स्वतःच्या नियमाचं नाव त्यानं पूर्ण एकांकिकेत एकदाही घेऊ नये; ते इतरांनी घ्यावं, शक्यतो चिडून.

वरचा पहिला आणि तिसरा नियम एकमेकांत गुंतवलेला एक नमुना प्रवेश पाहा. आडावरची जागा. शिलेदाराच्या खांद्यावर तोबरा.

पाटील: घोडं लंगडतंय तुझं.
शिलेदार: नाल निघालाय जी.
पाटील: गोठ्यात घोडी हाय. चार वर्साची. काम झालं की तुझी.
शिलेदार: काम?
पाटील: वड्यापल्याडची वस्ती. चुलतभाऊ हाय माजा. तो नगं.
(शिलेदार तोबऱ्याची दोरी सोडतो, पुन्हा गाठ मारतो.)
शिलेदार: परवा रातीला तितं भाकर खाल्ली.
पाटील: मग? फुकट खाल्लीस व्हय? दाम टाकला असशील की.
शिलेदार: टाकला.
पाटील: मग फिटलं.
शिलेदार: म्हातारीनं घेतला न्हाई.
(विराम.)
पाटील: मिरज बारा कोस हाय. पायी जाशील?
शिलेदार: वाट ठाव हाय जी.

इथे काय झालं ते बघा. मोल देण्याचा नियम त्यानं पाळला होता, पण म्हातारीनं पैसे नाकारले आणि भाकरीचं मीठ झालं. पाटलाचा हिशोब व्यवहारानं बरोबर आहे, म्हणून त्याला खलनायकी हसू देऊ नका. तो समजावणीच्या सुरात बोलला पाहिजे. "घोडी" म्हणताना शिलेदारानं एकदाच गोठ्याच्या दिशेनं बघावं. तो मोह दिसला नाही तर नकाराला किंमत नाही. आणि "वाट ठाव हाय जी" हे वाक्य खाली बघत, सपाट. नट इथे हमखास छाती काढतो. त्याला दुसऱ्या पायरीचं पान पुन्हा वाचायला द्या: चंदी एका दिवसाची उरली आहे.

आठवी पायरी: वाचनात तपासा

पूर्ण संहिता एकांकिकेशी संबंध नसलेल्या पाच-सहा जणांसमोर वाचा. निदान एक जण साठीच्या पुढचा आणि एक शाळकरी असू द्या. वाचून झालं की प्रत्येकाला कोरा कागद द्या आणि दोनच प्रश्न विचारा: हा माणूस काय करणार नाही? आणि त्यापायी त्याचं काय गेलं?

पहिल्या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी आली, तर नियम कृतीत उतरलेले नाहीत. तिसऱ्या पायरीवर परत जा. "तो फार चांगला आहे" असं कुणी लिहिलं, तर तुम्ही दुसऱ्या पात्रांकडून त्याचं कौतुक करून घेतलं आहे. ती सगळी वाक्यं शोधून कापा. दुसऱ्या प्रश्नाला कागद कोरे राहिले, तर हिशोबाचं पान काढा आणि त्यातली एक वस्तू त्याच्याकडून जाऊ द्या: घोडा, जमिनीवरचा हक्क, भावाशी असलेलं बोलणं. जीव घेऊ नका, तो फार सोपा मार्ग आहे आणि नवी संहिता त्याच वाटेनं पळते. वस्तू बदलली की शेवटचे दोन प्रवेश नव्यानं लिहावे लागतील, त्यासाठी तालमीआधीचे दहा-बारा दिवस मोकळे ठेवा आणि दुसरं वाचन वेगळ्या माणसांसमोर करा.